अळणी पातेलं

एम.एस्सी. झालेली मुलगी दवाखान्यात दिवसभर करते तरी काय, असं शेजारणीने विचारलं तेव्हा अजीजाने आडपडदा ठेवला नाही. "उष्टं मोजती," ती म्हणाली. शेजारणीने घाईघाईने विषय उन्हाळ्याकडे वळवला.

यात खोटं काहीच नव्हतं. आफरीन आहारशास्त्राची एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात, आणि सध्या सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप करत होती. ती पुरी झाल्याचं पत्र मिळालं की आर.डी.च्या परीक्षेचा फॉर्म भरता येतो आणि ती परीक्षा पास झालं की नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणवून घेता येतं. शाकीरभाईंच्या घराण्यात आजवर कुणाच्या नावापुढे काही लागलं नव्हतं. त्यांनी आपल्या टेम्पोच्या मागे लेकीचं नाव रंगवून घेतलं होतं आणि पेंटरला सांगून पुढे दोन अक्षरांची जागा मोकळी ठेवली होती. बाप असा हौशी असला की मुलीला नापास व्हायचीही चोरी.

आता उष्ट्याचं. प्रत्येक इंटर्नला एक प्रकल्प करावा लागतो. ज्यांच्या हृदयाची ताकद कमी झालेली असते, अंगावर पाणी चढतं, त्यांना मीठ जवळजवळ बंद असतं. कागदोपत्री त्या जेवणाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. स्वयंपाकघरात त्याला 'अळणी पातेलं' म्हणत आणि खाणाऱ्यांना 'अळणीवाले'. असे बावीस अळणीवाले त्या वेळी दाखल होते. हे लोक ताटात किती टाकतात, हा आफरीनचा विषय. जेवणं झाली की हातमोजे चढवून ती ताटं गोळा करायची, टाकलेली भाजी काट्यावर ठेवायची आणि आकडा लिहायची. निम्म्याच्या वर भाजी परत येत होती. माणसं अर्धपोटी राहत होती, आणि अर्धपोटी माणसाला औषध तरी काय लागू पडणार?

या अळणीवाल्यांत बिरप्पा नावाचे एक म्हातारे होते. सांगोल्याकडच्या माळरानावरचे, उभा जन्म मेंढरांमागे चाललेले. आता पलंगावरून संडासापर्यंत जायचं तरी धाप लागत होती. त्यांची बायको केराबाई पलंगाजवळ खाली बसून असायची. बिरप्पा रोज एक घास घ्यायचे, ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "तोंडाला चवच न्हाय." भांडायचे नाहीत, तक्रार करायचे नाहीत. आफरीनच्या तक्त्यात सगळ्यात मोठा आकडा त्यांच्या ताटाचा असायचा, आणि त्याचं तिला मनापासून वाईट वाटायचं.

स्वयंपाकघर रत्नम्माचं होतं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली, पन्नाशी उलटलेली, एकोणीस वर्षं त्या चुलींपुढे उभी असलेली बाई. जेवण वॉर्डात जाण्याआधी तिथे एक रिवाज होता. आहारतज्ज्ञाने किंवा इंटर्नने प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखायचं, 'चव वही'त पातेल्याचं नाव लिहायचं आणि सही करायची. सही झाल्याशिवाय ट्रॉली हलत नसे. महेश्वरी मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य आहारतज्ज्ञ, पहिल्याच दिवशी इंटर्नना सांगायच्या, "पुस्तकातलं विसरलात तरी चालेल. हा चमचा विसरायचा नाही."

मग रमजान लागला.

पहिल्या रोज्याला सकाळी अकरा वाजता आफरीन हातात चमचा घेऊन पातेल्यापुढे उभी राहिली आणि अडली. खरं तर महेश्वरी मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी महिन्याभरासाठी दुसरी कामगिरी दिली असती. पण सवलत मागितली की चर्चा होते, आणि आफरीनला चर्चा नको होती. तिचे सुकलेले ओठ रत्नम्माने पाहिले.

"कशाला जीव टांगणीला लावता, म्याडम? मी चाखते की. तुमी सही करा."

रत्नम्माने तळहातावर थेंब घेतला, जिभेला लावला, मान हलवली. आफरीनने सही केली. एकोणीस वर्षांची जीभ ती. तिच्यापुढे आपली काय पत्रास, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून ही पद्धतच पडून गेली.

पहिल्याच संध्याकाळी आफरीनच्या डोक्यात कल्पना आली. लिंबू पिळून झालं होतं, कोथिंबीर झाली होती, आकडे काही हलत नव्हते. मीठ नाही तर नाही, पण तिखटाला कुठे बंदी आहे?

"रत्नम्मा, झणझणीत काही घालता येईल का? दवाखान्याची मिरचीपूड म्हणजे नुसता रंग आहे."

"घरचं काळं तिखट आणू का? कांदा-लसूण घालून कांडलेलं. वास आला तरी माणूस ताटावर बसतो."

"आणा. पण भाजीत मीठ घालायचं नाही हं."

"एक कण नाही घालणार, अम्मा."

आणि रत्नम्माने शब्द पाळला. भाजीत तिने मिठाचा कणही घातला नाही. तिखट मात्र हात सैल सोडून घातलं, कारण तसं आफरीननेच सांगितलं होतं.

दुसऱ्या रोज्याच्या दुपारी ताटं परत आली तेव्हा आफरीनला वाटलं काटाच बिघडला. वांग्याची भाजी जवळजवळ संपलेली. संध्याकाळीही तेच. तिसऱ्या रोज्याला अळणीवाल्यांनी चक्क भाजी मागून घेतली. बिरप्पांचं ताट तर असं आलं की धुवायचं काम उरलं नव्हतं. आफरीन वॉर्डात गेली तर म्हातारा उशीला टेकून बसलेला, मिशीला रस्सा लागलेला.

"आज ग्वाड लागली बग भाजी," ते म्हणाले. "चव आली तोंडाला."

आफरीनचे पाय जमिनीला लागेनात. तिने तक्ता काढला, त्यावर रंगीत रेघ काढली. बावन्न टक्के उष्टं होतं ते अकरावर आलं होतं. चौथ्या रोज्याला तो तक्ता घेऊन ती महेश्वरी मॅडमकडे गेली. मॅडमचं कौतुक म्हणजे दुष्काळी भागातला पाऊस. पण त्या दिवशी तो पडला.

"हे पुण्याच्या परिषदेत मांडू," त्या म्हणाल्या. "तुझ्या नावाने. आणि महिनाअखेरीला तुझं पत्र मी स्वतः सही करून देते. फॉर्मची शेवटची तारीख तीसच आहे ना?"

संध्याकाळी रोजा सोडताना तिने हे घरी सांगितलं. शाकीरभाईंनी लगेच पेंटरचा विषय काढला. अजीजाने खजूर पुढे केला आणि बाईमाणसाला सुचतं तेच विचारलं.

"तू रोजे से है ना? फिर चखती कैसा?"

"मैं नै चखती अम्मी. रत्नम्मा चखती, मैं सही करती."

अजीजाचा हात थांबला. "जबान पे लगाके थूक दी, कुल्ली कर ली, तो रोजा नै टूटता बेटा. नौकरी का काम है. पन चखे बगैर चखी बोलके लिखना…" तिने वाक्य पुरं केलं नाही. शाकीरभाई कलिंगड कापत होते, आनंदाचा दिवस होता, आफरीननेही ते बोलणं कलिंगडाबरोबर गिळून टाकलं.

पाचव्या रोज्याला सकाळी नऊला राउंड होता. डॉक्टर पंचाक्षरी बिरप्पांच्या पलंगाशी आले आणि वजनाचा तक्ता बघून थबकले. तीन दिवसांत वजन दीड किलोने वाढलं होतं. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडून तसाच राहत होता. रात्री धापही वाढली होती.

"हे जेवणाने वाढलेलं वजन नाही, पाणी आहे," डॉक्टर म्हणाले. "औषध चालू असताना पाणी चढतं म्हणजे यांच्या पोटात मीठ जातंय. कोण देतंय?"

सगळ्यांचे डोळे केराबाईकडे वळले. तिच्याजवळ कापडी पिशवी होती, पिशवीत डबा होता. सिस्टरने डबा काढून वर धरला, जणू चोरीचा माल सापडला.

"म्या काय दिलं न्हाय, साहेब," केराबाई म्हणाली. "ह्यो माझा डबा हाय. माझ्या जेवनाचा."

"सगळे असंच सांगतात, मावशी. चटणी, लोणचं, काहीतरी चारता तुम्ही. माणूस जिवंत पाहिजे ना तुम्हाला?" डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्या वॉर्डात असं खरोखरच रोज घडायचं, आणि रोज घडणाऱ्या गोष्टीला माणूस पुरावा मागत नाही. "आजपासून या फक्त भेटीच्या वेळेत आत येतील. डाएटकडून लिहून घ्या, रुग्ण पथ्य पाळत नाही, नातेवाईक बाहेरचं देतात."

डाएटकडून म्हणजे आफरीनकडून. केसपेपर तिच्या हातात आला. केराबाईने पिशवी उचलली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि बाहेर गेली. बिरप्पा हात उंचावून काहीतरी म्हणायला गेले, पण धाप लागली आणि शब्द आतच राहिले.

आफरीनने पेन उघडलं आणि मिटलं. तीन दिवस म्हातारा मिटक्या मारत जेवत होता. एकटा नाही, बावीसच्या बावीस. बावीस बायका काय चोरून लोणचं आणत होत्या? हा विचार तिच्या मनात आला. पण दुसऱ्या मनाने लगेच समजूत घातली की आपलं तिखट चविष्ट आहे म्हणून बाकीचे जेवतात, आणि बिरप्पांचं प्रकरण निराळं आहे. परिषद, पत्र, फॉर्म, टेम्पोवरची ती दोन अक्षरं, ही सगळी त्या दुसऱ्या मनाच्या बाजूने उभी होती. एक ओळ लिहायची होती फक्त. ती लिहिली असती तर तिला कुणी काही विचारलं नसतं.

ती केसपेपर काखेत मारून खाली गेली.

केराबाई दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या सावलीला बसली होती. रडत नव्हती. आफरीनला बघून तिने डबाच उघडून पुढे केला.

"बग पोरी. तूच बग. ह्येन्ला अळनी खायला लावून सा आठवडं झालं, तवापासनं म्याबी अळनीच खातीया. त्येनी तसं खायचं आन म्या मीट घालून खाऊ? घशाखाली उतरंल व्हय?"

डब्यात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी होती. आफरीनने भाजीला बोट लावलं, बोट जिभेच्या टोकाला लावलं. नुसता पाला. मिठाचा मागमूस नव्हता. तिने बाजूला जाऊन थुंकलं, नळावर चूळ भरली आणि पुन्हा एक चूळ भरली. ही बाई सहा आठवडे हे खात होती, कुणी न सांगता, कुणाला न सांगता. आणि वर वॉर्डात तिच्यावर चोरीचा आळ आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर कोण, हे कळायला आता फक्त एक चमचा पुरे होता.

स्वयंपाकघरात दुपारची पातेली उतरली होती. आफरीन सरळ अळणी पातेल्यापाशी गेली, चमचा बुडवला, फुंकर घातली आणि जिभेवर ठेवला.

खारट. अगदी घरच्यासारखी बेताची खारट, कुणालाही आवडेल अशी.

तिने बेसिनमध्ये थुंकलं. चूळ भरली. "रत्नम्मा," ती म्हणाली, "यात मीठ आहे."

"कसं असेल? माझ्या मुलाची शपथ, मी घातलं नाही."

"मग तिखटात आहे. तिखट कांडताना मीठ घालता?"

रत्नम्माने तिच्याकडे असं बघितलं, जणू असा प्रश्न कुणी विचारतं का. "खडे मीठ घालावंच लागतं की. ओल्या कांद्या-लसणाचं तिखट मिठाशिवाय वर्षभर टिकेल का? बुरशी नाही येणार? तुमच्या अम्मी नाही घालत?"

घालते. आफरीनच्या डोळ्यांसमोर गच्चीवर पसरलेलं तिखट आणि अजीजाच्या मांडीजवळची मिठाची परात आली. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. पण तिखटातलं मीठ घरात कुणी मीठ म्हणून धरतच नाही, ते तिखटच. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत तिने पदार्थांतल्या सोडियमचे तक्ते पाठ केले होते, त्यात रत्नम्माच्या घरचं काळं तिखट नव्हतं.

"पण तुम्ही चाखत होता ना रोज? तुम्हाला कसं कळलं नाही?"

रत्नम्मा खाली बसली. पदराने तोंड पुसलं. तिला दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता. ताप गेला, जाताना जिभेवरची मिठाची ओळख घेऊन गेला. गोड कळतं, आंबट कळतं, खारट कळत नाही. कुणाला सांगायचं? स्वयंपाकिणीची जीभ गेली म्हणजे राहिलं काय? मापाने आणि हाताच्या सवयीने ती निभावत होती. कमी-जास्त झालं तर चाखणारी इंटर्न सांगायचीच, "थोडं वाढवा", "थोडं जास्त झालंय". चमचा होता म्हणून तिचं भागत होतं.

"मीठ घातलंच नाही तर चाखून काय कळायचंय, असं वाटलं मला," ती म्हणाली. "तुमचा उपास. पोर तोंड सुकवून उभी राहते, बघवेना."

भरवशाच्या म्हशीला टोणगा. आफरीन रत्नम्माच्या जिभेवर विसंबली होती, रत्नम्मा दोन वर्षं इंटर्नच्या जिभेवर विसंबली होती, आणि त्या दोघींच्या मध्ये तीन दिवस ते पातेलं कुणीच चाखलं नव्हतं. वहीत मात्र त्या पातेल्यापुढे त्या तीन दिवसांच्या सहा सह्या होत्या. सहाही आफरीनच्या, वळणदार.

"माझं नाव नका सांगू," रत्नम्मा म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नाही सांगितलं तर तुमचं जाईल."

आफरीन चव वही उचलून महेश्वरी मॅडमच्या खोलीत गेली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. तिने आधी पातेल्याचं सांगितलं, मग तिखटाचं, मग वही उघडून सहा सह्या दाखवल्या. "मी चाखलं नव्हतं, मॅडम. चाखलं असं लिहिलं. बिरप्पांच्या बायकोने काही दिलेलं नाही. तिचा डबा मी चाखला." रत्नम्माच्या जिभेबद्दल ती बोलली नाही. आपलं पाप आपण सांगावं, दुसऱ्याचं त्याला सांगू द्यावं, एवढा विचार तिने जिन्यात केला होता.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी पहिला प्रश्न जो विचारला तो आफरीन जन्मभर विसरणार नाही.

"ट्रॉली गेली का?"

"नाही."

"मग इथे काय उभी आहेस? आधी पातेलं थांबव. बावीस जणांना ताजं वरण, भात, दही. आणि बावीस जणांची वजनं आत्ताच्या आत्ता. रडायचं असेल तर नंतर."

आफरीन धावली. वाटेत रत्नम्मा भेटली. हात पुसत, पदर सारखा करत ती मॅडमच्या खोलीकडे निघाली होती. आत दोघी तेलुगूत, म्हणजे दोघींच्या घरच्या भाषेत, बोलल्या. बराच वेळ आवाज चढलेला ऐकू येत होता, मग उतरला. काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. रत्नम्मा चुलीवर राहणार होती. यापुढे प्रत्येक पातेलं दोघांनी चाखायचं आणि दोघांनी सह्या करायच्या, त्यात रत्नम्मा नको. "जीभ गेलीय तिची, हात नाही गेले," मॅडम म्हणाल्या. "पण दोन वर्षं मला सांगितलं नाही, याचा राग मला दोन वर्षं राहील."

आफरीनच्या वाट्याचं मॅडमनी त्याच दुपारी सांगितलं. स्वयंपाकघरातला महिना पुन्हा करायचा. तीन दिवसांचे आकडे खोडायचे नाहीत, ठेवायचे, आणि पुढे लिहायचं की या दिवशी भाजीत मीठ होतं. पत्र महिनाअखेरीला मिळणार नाही. म्हणजे फॉर्म या खेपेला नाही.

"रोजा होता तर मला सांगायचंस ना," शेवटी त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या. "मी काय तुला खाल्लं असतं?"

तेव्हा आफरीन रडली. धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडली, पोटभर. टेम्पोपेक्षाही तिला रडवलं ते त्या रंगीत रेघेने. तिला किती आनंद झाला होता त्या रेघेचा! लोक उपाशी नाहीत, माझ्यामुळे जेवतायत, असं तिला तीन दिवस वाटत होतं, आणि ते मीठ होतं. नुसतं मीठ.

बावीसांपैकी आणखी दोघांच्या पायांवर सूज चढलेली सापडली. डॉक्टर पंचाक्षरींनी औषधं वाढवली. ते आफरीनला काही बोलले नाहीत, केराबाईला मात्र आत बोलावलं, तिच्यासाठी स्टूल मागवलं आणि म्हणाले, "मावशी, चूक आमची होती. बसा." केराबाई स्टुलावर बसली नाही, नेहमीसारखी खालीच बसली, पण सिस्टरकडे बघून नाक मात्र थोडं वर केलं.

राहिलं एकच काम, आणि ते कुणी आफरीनला सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी दुपारी ती बिरप्पांच्या पलंगाशी गेली. ताट समोर तसंच होतं. दुधी भोपळ्याची भाजी, लिंबू पिळलेली, अळणी.

"पुन्ना चव गेली," बिरप्पा म्हणाले. "मदी तीन दिस लई ग्वाड लागत व्हतं. आता पुन्ना मातीवानी."

आफरीन खाली केराबाईशेजारी बसली. "बाबा, चव गेली नाही. त्या तीन दिवसांत भाजीत मीठ होतं. माझ्या चुकीने पडलं. म्हणून तुमच्या अंगावर पाणी चढलं, आणि बोलणी मावशींनी खाल्ली. मला माफ करा."

केराबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. बिरप्पांनी ताट बाजूला सरकवलं. त्यांना राग येईल, असं आफरीनला वाटत होतं. राग आला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजी ती चव माज्या तोंडाची नव्हती?"

"नाही बाबा. मिठाची होती."

"आन मला वाटलं, म्या बरा व्हाय लागलो," म्हातारा म्हणाला. "मानसाच्या तोंडाला चव आली म्हंजी त्यो उठनार, असं आमच्यात म्हनत्यात. म्या तर बिरुदेवाला फोन लावायला लावला. माजा ल्योक. त्यो मेंढरं इकायला काढीत व्हता. म्या म्हनलं, इकू नगंस, तोंडाला चव आलीया, म्या येतो म्हागारी. त्यानं गिऱ्हाईक परत लावलं."

 इंटर्नशिपच्या वहीत चुकीच्या आहाराने होणाऱ्या परिणामांचा एक रकाना होता. त्यात सूज लिहिता येत होती, वजन लिहिता येत होतं. हे कुठे लिहायचं?

"मग आता?" बिरप्पांनी विचारलं. "बरा व्हतोय का न्हाय म्या? खरं सांग. आता खोटी चव नगं."

खोटं बोलणं सोपं होतं आणि त्या क्षणी कुणीही बोललं असतं. आफरीन उठली, पलंगाच्या पायथ्याचा वजनाचा तक्ता काढून तिने त्यांच्यापुढे धरला.

"हे बघा. परवा इतकं होतं, आज आठशे ग्रॅम कमी आहे. चढलेलं पाणी उतरतंय. हे अळणी जेवलात तर अजून उतरेल, आणि उतरलं की घरी सोडतील. मेंढरांमागे दिवसभर चालता येईल का, ते मला सांगता येत नाही. ते डॉक्टर सांगतील. मला वाटतं, पहिल्यासारखं नाही जमणार."

बिरप्पांना आकडे वाचता येत नव्हते. पण उतरत गेलेली रेघ त्यांनी बोटाने वरून खालपर्यंत चाचपली, दोनदा.

"ही खरी हाय?"

"ही खरी आहे. काट्यासमोर मी स्वतः उभी होते."

म्हाताऱ्याने ताट पुढे ओढलं. एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, गिळला. दुसरा घेतला. मग केराबाईकडे बघून म्हणाले, "फोन लाव बिरुदेवाला." केराबाईला नंबर लावता येत नव्हता. आफरीनने लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे मेंढरांचा कालवा ऐकू येत होता.

"बिरुदेवा," बिरप्पा म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला बलीव माघारी. निम्मी इक." ते थांबले, श्वास घेतला. "निम्मी ऱ्हाऊ दे."